शाहिन आडनाव: तुर्कस्तानातून जगभर गेलेल्या ससाण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी जर्मनीतल्या कलोनला राहायला आलो तेव्हा बिल्डिंगच्या दारावरच्या बेलच्या पाटीवर तीन घरांसमोर एकच आडनाव होतं, आणि गंमत म्हणजे तिन्हींचं स्पेलिंग वेगळं. मला वाटलं एकाच कुटुंबातली तीन बिऱ्हाडं असणार. तसं काही नव्हतं, तिघांची गावंही वेगळी होती. तिथून हे खूळ डोक्यात शिरलं, मग वाचत गेलो, लोकांना विचारत गेलो, आणि आता मित्रमंडळी मलाच विचारतात म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून टाकतोय.

शाहिन म्हणजे नक्की काय?

ससाणा. शिकारी पक्षी. पण इथेच पहिला गोंधळ आहे. फारसीत शाहीन म्हणजे ससाण्याच्या जातीतला पक्षी, आपल्याकडे पक्षी बघणारी मंडळी सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करणाऱ्याला शाहीन ससाणा म्हणतात ना, तोच शब्द. तुर्कीत मात्र आज पक्ष्यांचं पुस्तक उघडलं तर शाहिन हे नाव बझर्ड नावाच्या जरा जाड्या, आळशी दिसणाऱ्या पक्ष्याला दिलेलं सापडतं, आणि खऱ्या ससाण्याला ते दोआन म्हणतात. पण आडनाव लावणाऱ्याला पक्षिशास्त्राशी काय देणंघेणं, त्याच्या डोक्यात उंचावरून झेप घेणारा, तीक्ष्ण नजरेचा शिकारीच असतो.

म्हणजे शब्द तुर्की नाहीच का?

मूळ फारसी. शाह म्हणजे राजा, त्यापासून शाहीन, म्हणजे शाही पक्षी, राजाला शोभेल असा. आपण शाही मेजवानी, शाही थाट म्हणतो त्यातला शाही आणि हा शाहीन एकाच घरातले. तुर्कीत हा शब्द इतकी शतकं रुळलाय की कुणाला परका वाटत नाही, जसं आपल्याला कागद आणि बाजार परके वाटत नाहीत. ऑटोमन सुलतानाच्या दरबारात शिकारी पक्षी सांभाळणाऱ्यांची वेगवेगळी खातीच होती, आणि त्यातल्या शाहिनवाल्या खात्याच्या मुख्याला शाहिनजीबाशी म्हणायचे.

माणसाचं नाव म्हणूनही ते जुनंच आहे. चौदाव्या शतकातला सेनापती लाला शाहिन पाशा, ज्याचं नाव एदिर्नेच्या लढायांशी जोडलेलं आहे आणि जो रुमेलीचा, म्हणजे युरोपातल्या ऑटोमन मुलखाचा, पहिला बेलरबे, म्हणजे सुभेदार, झाला. मग क्रिमियाचा शेवटचा खान शाहिन गिराय, ज्याच्या हातून १७८३ साली क्रिमिया रशियाकडे गेला. पण नीट बघा, ही दोन्ही त्यांची स्वतःची नावं आहेत, आडनावं नाहीत. त्या काळी आडनाव नावाचा प्रकारच नव्हता.

उच्चार शाहिन, साहिन की झाहिन?

शाहिन. पहिला शा लांब, हि ऱ्हस्व, आणि ह नीट ऐकू येतो. मराठीत आपण सवयीने शाहीन लिहितो त्यात काही बिघडत नाही, मी इथे तुर्की आडनावासाठी शाहिन आणि बाकीच्या ठिकाणी शाहीन लिहितोय म्हणजे मलाच गोंधळ होणार नाही. साहिन आणि झाहिन कुठून आले ते पुढे स्पेलिंगच्या प्रश्नात, ती मोठी कहाणी आहे.

१९३४ च्या आधी तुर्कांना खरंच आडनाव नव्हतं?

सरकारदरबारी सर्वांना सक्तीचं, पिढ्यानपिढ्या चालणारं असं नव्हतं. माणूस ओळखला जायचा तो बापाच्या नावावरून, गावावरून, धंद्यावरून, नाहीतर लोकांनी ठेवलेल्या टोपणनावावरून. लंगडा अमका, कोन्याचा तमका. काही घराण्यांना अमक्याचे पोरगे अशा अर्थाचं ओउल्लारी लावलेलं नाव होतं आणि जुन्या दप्तरात ते दिसतं, पण ते सगळ्यांना नव्हतं. फौजेत किंवा शाळेत एकाच वर्गात दहा मेहमेत आणि आठ अहमेत असले की काय तारांबळ उडत असेल विचार करा.

मग २१ जून १९३४ ला आडनावाचा कायदा झाला, नंबर २५२५. २ जानेवारी १९३५ पासून तो लागू झाला आणि लोकांना जुलै १९३६ पर्यंत मुदत मिळाली. प्रत्येकाला आडनाव हवंच, आणि हुद्दा, टोळी, परका वंश किंवा परकं राष्ट्र दाखवणारी नावं चालणार नाहीत, ऐकायला घाण किंवा हास्यास्पद वाटणारीही नाहीत. पाठोपाठ नियम आले, त्यात यान, ऑफ, विच, पुलोस, झादे असल्या शेपट्यांवर बंदी घातली. आर्मेनियन, स्लाव्ह, ग्रीक, फारसी वळणाच्या शेपट्या आहेत या सगळ्या, म्हणजे कायद्याचा रोख कुणाकडे होता ते उघड आहे. २४ नोव्हेंबर १९३४ ला खास कायद्याने मुस्तफा कमालना अतातुर्क हे आडनाव दिलं, आणि दोनच दिवसांनी पाशा, बे, एफेंदी या पदव्या सरकारी कागदावरून काढून टाकल्या.

मग इतक्या लोकांनी शाहिनच का घेतलं?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे, कारण आपल्याकडे आडनाव मिळतं, निवडत कोणी नाही. गावावरून कर लागतं, कुलकर्णी-देशमुख-चिटणीस अशी वतनावरून आणि कामावरून येतात, बाकीची कशीही येतात, पण तुमच्या पणजोबांनी काउंटरवर उभं राहून ठरवलेलं नसतं. तिथे नेमकं तसंच झालं. अख्खा देश दीड-दोन वर्षांत नावं निवडत होता. सरकारने नावांच्या पुस्तिका छापल्या होत्या. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि असे लोक तेव्हा बहुसंख्य होते, त्याला बऱ्याचदा समोरच्या कारकुनाने सुचवलं ते लागलं, आणि मुदतीत काहीच न सांगणाऱ्याला अधिकाऱ्याने दिलं ते लागलं.

आता अशा वेळी माणूस काय निवडणार? लहान, दमदार, सगळ्यांना कळेल असं. म्हणून तुर्कस्तानातली सर्वात जास्त आढळणारी आडनावं काढलीत तर यादी कशी येते बघा, यिलमाझ म्हणजे न डरणारा, काया म्हणजे खडक, देमिर म्हणजे लोखंड, चेलिक म्हणजे पोलाद, यिल्दिरिम म्हणजे वीज. आणि पक्षी-प्राण्यांत आस्लान सिंह, कुर्त लांडगा, दोआन ससाणा, आणि आपला शाहिन, जो पहिल्या दहात हमखास असतो. नवं प्रजासत्ताक, नुकतंच युद्ध लढून झालेलं, सगळीकडे शौर्याची हवा, मग कोण घेणार मवाळ नाव!

त्यात शाहिनला आणखी एक वलय होतं. १९२० साली फ्रेंच फौज आन्तेप शहरावर चालून येत होती तेव्हा किलिसच्या रस्त्यावर तिला अडवून धरणारा एक अधिकारी होता, त्याचं खरं नाव मेहमेत सईद, पण सगळे त्याला शाहिन बे म्हणायचे. मार्च १९२० मध्ये तो लढता लढता मेला. शहराला पुढे गाझी ही पदवी मिळाली, ते गाझियान्तेप झालं, आणि तिथल्या एका मोठ्या भागाचं नाव आजही शाहिनबे आहे. (योगायोग म्हणजे त्याच गाझियान्तेपच्या महापौर बाईंचं नाव फात्मा शाहिन. नातं वगैरे जोडू नका, तोच तर मुद्दा आहे या सगळ्या लेखाचा.)

आणि काही घरांत अर्थातच शाहिन नावाचा आजोबा-खापरपणजोबा होताच, त्यांनी त्याचं नाव उचललं. गमतीचा भाग असा की भाषा शुद्ध तुर्की करायची मोहीम जोरात असताना हा मूळचा फारसी शब्द आरामात आत शिरला. कुणाच्या लक्षातच आलं नसणार तो बाहेरचा आहे म्हणून.

म्हणजे दोन शाहिन भेटले तर ते नातेवाईक नसतात?

बहुतेक वेळा अजिबात नसतात. शेकडो गावांत, एकमेकांचा पत्ता नसताना, वेगवेगळ्या कुटुंबांनी तेच नाव घेतलं. आणि उलटंही झालंय, दोन सख्खे भाऊ वेगळ्या ठिकाणी नोंदवायला गेले आणि एक शाहिन झाला, दुसरा काया. त्यांची मुलं सख्खी चुलत भावंडं असून आडनाव वेगळं. आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले होते, आमच्या घराण्याला गावात अजून जुन्या टोपणनावानेच ओळखतात, शाहिन फक्त पोस्टमनला माहीत आहे.

पुढेमागे काहीतरी जोडून केलेलीही बरीच आडनावं आहेत, आकशाहिन म्हणजे पांढरा ससाणा, काराशाहिन म्हणजे काळा, ओझशाहिन म्हणजे अस्सल ससाणा, शाहिनकाया म्हणजे ससाण्याचा खडक, शाहिनओलू म्हणजे शाहिनचा मुलगा. ही सगळी एका झाडाच्या फांद्या आहेत असं समजून वंशवृक्ष काढायला बसलात तर फसाल.

शाहिन आडनाव म्हणजे माणूस तुर्कच ना?

तुर्कस्तानचा, हो, बहुधा. तुर्क वंशाचा, ते नावावरून कळत नाही. कायदा सगळ्या नागरिकांना होता, त्यामुळे कुर्द, लाझ, चेर्केस, अरब सगळ्यांत शाहिन सापडतात, सुन्नी आहेत तसे अलेवी या वेगळ्या पंथाचेही आहेत. जर्मनीत एखाद्या कुर्द शाहिनला तू तुर्क ना असं सहज विचारलंत तर त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, मी ही चूक करून बसलोय.

आणि नंतर नागरिक झालेलेही आहेत. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत ६६ किलोमध्ये तुर्कस्तानला सोनं मिळवून देणारा रमझान शाहिन मूळचा रशियातल्या दागेस्तानचा चेचेन, तुर्कस्तानात आल्यावर शाहिन झाला.

जर्मनीत इतके शाहिन कसे?

कारण ३० ऑक्टोबर १९६१ चा कामगार करार. युद्धानंतर जर्मन कारखान्यांना माणसं कमी पडत होती, बर्लिनची भिंत उभी राहिल्यावर पूर्वेकडून येणारे मजूरही थांबले. इस्तंबूलला जर्मन भरती कार्यालय होतं, तिथे दात-छाती-नजर सगळं तपासून लोकांना सिर्केजी स्टेशनवरून आगगाडीत बसवायचे आणि ते म्युनिकच्या ११ नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरायचे, तिथून पुढे खाणी, पोलादाचे कारखाने, मोटारींचे कारखाने. नोव्हेंबर १९७३ मध्ये तेलाच्या संकटात भरती बंद केली तोवर साडेआठ लाखांच्या आसपास लोक आले होते. बरेच परत गेले. जे राहिले त्यांना कळलं की आता गेलो तर परत येता येणार नाही, म्हणून त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. म्हणजे भरती बंद केल्यावर तुर्क कमी व्हायच्या ऐवजी वाढले, सरकारी हिशोब असे चुकतात. आज जर्मनीत तुर्की मुळं असलेले साधारण ३० लाख लोक आहेत.

आता देशात जे आडनाव जास्त, ते गाडीतही जास्त, इतकं साधं गणित आहे. म्हणून शाहिन जिथे कामगार गेले तिथेच सापडतात, रुहर खोऱ्यात डुइसबुर्ग, गेल्झेनकिर्शन, डॉर्टमुंडला, मग कलोन, श्टुटगार्ट, म्युनिक, आणि बर्लिनमध्ये. पूर्वीच्या पूर्व जर्मनीच्या भागात फारच कमी, कारण करार पश्चिम जर्मनीशी होता. आडनावांचा नकाशा काढला तर जुनी सीमा अजून दिसते.

आमच्या कलोनमध्ये फोर्डचा कारखाना म्हणजे तुर्कांचं दुसरं गाव. ऑगस्ट १९७३ मध्ये तिथे मोठा संप झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलेले सुमारे ३०० तुर्क कामगार उशिरा परतले म्हणून त्यांना काढून टाकलं, त्यावरून ठिणगी पडली. युनियनची परवानगी नसलेला संप होता आणि पोलिसांकरवी मोडला गेला. याच फोर्डमध्ये काम करणाऱ्या एका कामगाराचा मुलगा पुढे सगळ्या जगाला माहीत झाला, त्याच्याबद्दल खाली.

आणि जर्मनीच्या बाहेर?

तसेच करार बाकीच्यांनीही केले. ऑस्ट्रिया, बेल्जियम आणि नेदरलँड्स १९६४, फ्रान्स १९६५, स्वीडन आणि ऑस्ट्रेलिया १९६७. नेदरलँड्समध्ये तुर्की मुळांचे चार लाखांच्या वर लोक आहेत, त्यामुळे रॉटरडॅम, हेग, ॲमस्टरडॅमला शाहिन काही नवलाचे नाहीत. ऑस्ट्रियात व्हिएन्ना आणि पार पश्चिमेचं फोरार्लबेर्ग, ऑस्ट्रेलियात मेलबर्न-सिडनी.

पण लोक देशाकडून देशाकडे गेले नाहीत, गावाकडून गल्लीकडे गेले. बेल्जियममधल्या तुर्कांत एमिरदा या एका तालुक्यातले इतके की ब्रसेल्सच्या एका भागाला गमतीने छोटं एमिरदा म्हणतात. स्वीडनला कोन्या प्रांतातल्या कुलूची माणसं. अमेरिकेत न्यू हेवनच्या बाजूला काळ्या समुद्राकाठच्या याअलीदेरेची. तर तुमच्या ओळखीचा शाहिन स्टॉकहोमचा असेल तर आधी कुलू विचारून बघा, निशाणा लागायची शक्यता बरी आहे. आपल्या कोकणातली अख्खी गावं मुंबईत एका चाळीत यायची तसंच हे.

ग्रीसमध्ये तर शाहिन नावाचं आख्खं गाव आहे. झांथी भागात, डोंगरात, पोमाक मुसलमानांची वस्ती, ग्रीक सरकारी नाव एखिनोस. आडनावाशी त्याचा संबंध नाही, पण नकाशावर दिसलं की मजा वाटते.

स्पेलिंग इतक्या प्रकारची का?

बसा, हे लांबणार आहे.

तुर्की भाषा १९२८ पर्यंत अरबी लिपीत लिहायचे. त्या वर्षी नोव्हेंबरात रोमन वळणाची नवी वर्णमाला आली आणि श साठी एस या अक्षराखाली एक छोटी शेपटी लावली. म्हणजे शाहिन आडनाव आणि ते लिहायचं अक्षर दोन्ही तसे नवेच, सहा वर्षांच्या अंतराने आलेले. तुर्कस्तानात काही अडचण नाही. सीमा ओलांडली की शेपटी तुटते. जर्मन कारखान्याच्या टाइपरायटरवर ती नव्हतीच, मग हजेरीपटावर नुसता एस. आणि जर्मनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला एस आणि पुढे स्वर आला की उच्चार होतो झ! झालं, शाहिनचा झाहिन. शाळेत बाई हजेरी घेताना झाहिन, डॉक्टरकडे झाहिन, बँकेत झाहिन. फ्रान्समध्ये ह बोलत नाहीत आणि शेवटचं इन नाकात जातं, त्यामुळे तिथे साअँ असं काहीतरी ऐकू येतं, आपण शाहिन आहोत हे त्या माणसाला सांगावं लागतं. काही लोक वैतागून जर्मन पद्धतीने एस-सी-एच लावतात म्हणजे निदान उच्चार बरोबर येतो, इंग्रजी देशांत एस-एच लावतात. आमच्या बेलच्या पाटीवर हे तीनही प्रकार होते, शेपटीवाला, बिनशेपटीचा आणि एस-सी-एच वाला.

कॉम्प्युटर आल्यावर सुटेल असं वाटलं तर उलट बिघडलं. पश्चिम युरोपसाठी जो अक्षरसंच सगळीकडे वापरात होता त्यात जर्मन-फ्रेंच अक्षरं होती, तुर्कीची काही नव्हती. यातली गोम अशी की तुर्कीतली टिंबवाली ओ आणि यू जर्मनमध्येही आहेत, त्यामुळे ओझतुर्क आडनावाच्या माणसाचं नाव जर्मनीत शाबूत राहिलं आणि शाहिनचं मोडलं. नशीब अक्षराचं. तुर्कीसाठी वेगळा अक्षरसंच १९८९ मध्ये आला, त्यात आइसलँडच्या भाषेची अक्षरं काढून त्या जागी तुर्की बसवली. आता युनिकोडमध्ये सगळं आहे, तरी जुन्या सिस्टीम जुन्याच.

आणि पासपोर्ट. खालच्या मशीनने वाचायच्या ओळीत शेपटी चालतच नाही, तिथे आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे नुसता एस येतो. म्हणून विमानाच्या तिकिटावर बिनशेपटीचंच लिहायचं, त्यात चूक काही नाही. जन्म-लग्नाच्या नोंदींत मात्र चिन्हं जशीच्या तशी ठेवायची असा १९७३ चा बर्न करार आहे, जर्मनी आणि तुर्कस्तान दोघेही त्यात आहेत. त्यामुळे एकाच माणसाच्या जन्मदाखल्यावर शेपटी आहे, बँक कार्डावर नाही, आणि शेजाऱ्याने पार्सल घेतलं त्या चिठ्ठीवर तिसरंच काहीतरी. एका ऑफिसात माझ्या समोरच्या बाईंना अर्धा तास सिद्ध करावं लागलं की त्या दोन्ही त्याच आहेत म्हणून. मला माझ्या नावातल्या श्री चं काय होतं ते आठवून त्यांची फार दया आली.

शाहीन, शाहिनयान, चाहिन हे सगळं एकच का?

शब्द एक, माणसं वेगळी. फारसीतला तो पक्षी चारी दिशांना उडाला. अरबी देशांत, विशेषतः इजिप्त, लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनमध्ये, शाहीन हे आडनाव आहे आणि ते १९३४ च्या कायद्यातून आलेलं नाही. अलेक्झांड्रियात जन्मलेले सिनेदिग्दर्शक युसेफ शाहीन फ्रेंच वळणाने सी-एच लिहायचे, म्हणून इंग्रजी वाचणारे त्यांना चाहिन करून टाकतात. अमेरिकेच्या सिनेटर जीन शाहीन यांना हे आडनाव सासरकडून मिळालं, त्यांचे यजमान लेबनीज वंशाचे.

आर्मेनियन लोकांत शाहिनयान. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये रिंग्जवर सुवर्ण जिंकणारा जिम्नॅस्ट ग्रांत शाहिनयान सोव्हिएत संघाकडून खेळायचा, आणि रशियनमध्ये ह नसल्यामुळे त्याचं शागिनयान झालं. बघा, प्रत्येक भाषा या बिचाऱ्याचं काहीतरी अक्षर खातेच, कोणी श, कोणी ह. बोस्नियात शाहिनोविच. आणि आपल्याकडच्या मुसलमान घरांत शाहीन हे बहुतेक मुलीचं पहिलं नाव असतं, दिल्लीच्या शाहीन बागेतला शब्दही हाच. तुर्कस्तानात पहिलं नाव म्हणून शाहिन ठेवलं तर तो मुलगा असतो. आमच्या ऑफिसात भोपाळची शाहीन आणि अदानाचा शाहिन शेजारी बसायचे, ईमेलचे जे घोळ झाले ते विचारू नका.

शाह, शहाणे, शाहीर यांच्याशी नातं?

शहाणे नाही, तो शहाणपणातला. शाहीर नाही, तो अरबी शायरमधून आला. गुजराती-जैन शाह किंवा शहा हेही सहसा फारसी राजाचं नव्हे, साधू शब्दावरून आलेलं साह, म्हणजे सावकार-व्यापारी, त्यातलं. म्हणजे नातं कोणाशीच नाही.

प्रसिद्ध शाहिन कोण कोण?

पहिले उऊर शाहिन. आपल्याकडे २०२० मध्ये बऱ्याच जणांनी उगुर साहिन लिहिलं, कारण इंग्रजी बातम्यांत दोन्ही चिन्हं गायब होती. तुर्कीतला तो टोपीवाला ग बोलायचा नसतो, आधीचा स्वर फक्त लांबवायचा असतो. जन्म १९६५, इस्केंदेरुनचा. चार वर्षांचे असताना कलोनला आले, वडील फोर्डमध्ये, वर सांगितलं ते हेच. डॉक्टर झाले, कॅन्सरवर संशोधन केलं, २००८ मध्ये माइन्झला बायोएनटेक काढली, पत्नी ओझलेम त्युरेजी सोबतच्या संस्थापक. त्यांची कोविडची लस २ डिसेंबर २०२० ला ब्रिटनमध्ये मंजूर झाली. माइन्झमधला त्यांच्या कंपनीचा पत्ता ज्या रस्त्यावर आहे त्याच्या नावाचा अर्थ सोन्याच्या खाणीपाशी, हे आधीपासूनचं नाव आहे, कंपनीने ठेवलेलं नाही.

मग नुरी शाहिन, फुटबॉलवाला. १९८८ मध्ये लुडेनशाइडला जन्म, ऑगस्ट २००५ मध्ये डॉर्टमुंडकडून उतरला तेव्हा १७ पूर्ण नव्हती, बुंडेसलिगातला तोवरचा सर्वात लहान खेळाडू. हा विक्रम २०२० पर्यंत टिकला. जन्म जर्मनीत असून तो तुर्कस्तानकडून खेळला, आणि ऑक्टोबर २००५ मध्ये पहिल्याच सामन्यात समोर कोण तर जर्मनी, आणि याने गोल केला. पुढे तो डॉर्टमुंडचा कोचही झाला, ते मात्र लवकर आटोपलं.

अमेरिकेत केनान शाहिन, सॉफ्टवेअरची कंपनी १९९९ मध्ये लुसेंटला सुमारे दीड अब्ज डॉलरला विकली आणि एमआयटीला १० कोटी डॉलर दिले. तिथल्या मानव्यशास्त्र विभागाच्या डीनच्या पदाला त्यांचं नाव आहे, बिनशेपटीचं.

लग्न झाल्यावर शाहिन बाईचं आडनाव जातं का?

तुर्कस्तानात बराच काळ नवऱ्याचंच लावायची सक्ती होती, १९९७ पासून पुढे स्वतःचंही जोडता येऊ लागलं, पण नवऱ्याचं टाळता येत नव्हतं. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने २००४ मध्ये यावर तुर्कस्तानच्या विरोधात निकाल दिला, आणि २०२३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. जोडलेल्या नावाचं उदाहरण म्हणजे लेयला शाहिन. विद्यापीठात हेडस्कार्फला बंदी होती त्यावर त्यांनी स्ट्रासबूरला, म्हणजे युरोपच्या याच न्यायालयात, दावा लावला होता, २००५ मध्ये हरल्या, पुढे लेयला शाहिन उस्ता या नावाने खासदार झाल्या. ओझलेम त्युरेजींनी स्वतःचंच आडनाव ठेवलंय, त्यामुळे लस बनवणारं जोडपं म्हणून दोघांना एकच आडनाव लावू नका.

शाहिन कुटुंबाचं मूळ शोधायचं असेल तर कुठून सुरुवात करायची?

आडनावापासून तर अजिबात नको. १९३४ च्या पलीकडे ते तुम्हाला नेणारच नाही. आधी गाव शोधायचं, तालुक्यासकट, कारण तुर्की कुटुंबनोंद गावाच्या खात्यावर असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारने ऑनलाइन वंशावळ खुली केली, तुर्की नागरिकाला तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतचे पूर्वज दिसू शकतात. पहिल्याच दिवशी इतकी झुंबड उडाली की साइट बसली. अनेकांना धक्के बसले, स्वतःला पक्का अनातोलियाचा समजणाऱ्याचा पणजोबा बाल्कन नाहीतर कॉकेशसमधून आलेला निघाला. त्या जुन्या नोंदींत आडनाव नसतं, घराण्याचं टोपणनाव असतं, आणि खरी ओळख तीच. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला शाहिनच्या आधी आपल्याला काय म्हणायचे एवढं विचारलं तरी निम्मं काम होतं.

शाहिन नावाची गाडी पण आहे ना?

आहे! तोफाश कंपनी बुर्साला फियाट १३१ बनवायची, तिचे प्रकार शाहिन, दोआन आणि कार्ताल, म्हणजे बझर्ड, ससाणा, गरुड. त्याआधीच्या छोट्या गाडीला सेर्चे म्हणजे चिमणी नाव दिलं होतं. खिडक्यांना काळी काच, मोठ्ठा आवाज, चाकं खाली दबलेली अशी शाहिन घेऊन फिरणारी पोरं हा तुर्कस्तानात अजून विनोदाचा विषय आहे. जर्मनीतल्या शाहिन आडनावाच्या मुलांना गावी गेल्यावर हा विनोद दरवर्षी ऐकावा लागतो.

शेजारी शाहिन आहेत, हाक काय मारायची?

जर्मनमध्ये हेर शाहिन ठीक आहे, पण तुर्की माणूस घरच्या पद्धतीत आडनावाने हाक मारत नाही. पहिलं नाव आणि पुढे बे, बाईंना हानिम. आपल्या विलासराव, सुमनताईसारखंच अगदी. १९३४ मध्ये बे सरकारी कागदावरून गेलं, लोकांच्या तोंडातून नाही. वयस्कर असतील तर आम्जा म्हणजे काका, बाईंना तेयझे म्हणजे मावशी. खालच्या आजोबांना मी वर्षभर हेर झाहिन म्हणत होतो आणि ते नुसती मान हलवायचे. एकदा जिन्यात आम्जा म्हटलं तर थांबले, पिशवी खाली ठेवली, आणि चहाला घेऊन गेले.